पश्चिम किनाऱ्यावरील रॅप आणि छोटी लेबले

संपादक महोदय,

लॉस एंजेलिसच्या रॅपविषयी लिहिताना केवळ टोळीयुद्धांच्या कथा सांगितल्या जातात, हे मला अन्यायाचे वाटते. १९८०च्या दशकात मोठ्या कंपन्या या संगीताकडे फारशा फिरकत नसताना, हॉलिवूडमधील मकोला या तबकड्या छापणाऱ्या कारखान्याचे मालक डॉन मॅकमिलन पैसे मोजणाऱ्या नवख्यांनाही तबकड्या काढून देत आणि त्यांचे वितरणही करत; इजिप्शियन लव्हर व लॉन्झो विल्यम्स या संगीतकारांची लेबले (म्हणजे गाणी प्रसिद्ध करणाऱ्या छोट्या कंपन्या) आणि १९८७मध्ये रॅपर ईझी-ई व व्यवस्थापक जेरी हेलर यांनी काढलेली रूथलेस रेकॉर्ड्स यांच्या सुरुवातीच्या तबकड्या येथूनच बाजारात आल्या. मकोलाच्या पैशांच्या हिशेबाबाबत कलाकारांच्या तक्रारी होत्या, हेही नोंदवायला हवे. उत्तरेकडे ऑकलंडमध्ये टू शॉर्ट हा रॅपर तर आपल्या कॅसेटी गाडीच्या डिकीतून विकत असे.

आपला,
एक वाचक, पुणे