मॅट, दगड आणि ऱ्हस्व-दीर्घ

हेलसिंकी, रविवार

प्रिय अज्या,

तुझा मेसेज येऊन आठवडा झाला. फोन केला असता तर 'हो हो ताई' म्हणत तू तो आईच्या हातात दिला असतास, म्हणून लिहायला बसले. पोलीस भरतीची यादी दोन मार्कांनी हुकली हे वाचून मलाही जेवण गेलं नाही. पण त्याखाली तू लिहिलंस, 'आपल्या नशिबातच नाही, आता नाद सोडला.' या ओळीने मला जास्त त्रास झाला.

काल सुट्टी होती. इथल्या ऑलिम्पिक स्टेडियमजवळ एक जुना क्रीडा हॉल आहे, तिथे गेले. आता गावातली माणसं कामावरून सुटली की तिथे खेळायला येतात. १९५२ मध्ये त्याला मेस्सुहाल्ली म्हणायचे आणि ऑलिम्पिकच्या कुस्त्या तिथेच झाल्या. म्हणजे आपल्या गोळेश्वरच्या पैलवान खाशाबा जाधवांनी ब्राँझ मिळवलं ते याच छपराखाली! कराडपासून इतक्या लांब, हातमोजे काढून त्या भिंतीला हात लावला आणि गळा दाटून आला बघ.

आपण लहानपणापासून त्या पदकाचंच ऐकत आलो. बैलगाड्यांच्या मिरवणुकीचं अण्णा किती रंगवून सांगायचे! पण मला काल सारखं १९४८ आठवत होतं. लंडनला खाशाबा सहावे आले होते. लाल मातीत वाढलेला माणूस तिथे पहिल्यांदा मॅटवर उतरला, नियमही वेगळे. 'मॅट आपल्या नशिबात नाही' असं म्हणून ते घरी बसले असते तर कुणी दोष दिला नसता. त्यांनी पुढची चार वर्षं मेहनत घेतली आणि त्याहून वरच्या वजनगटात उतरले. निवडीच्या वेळी मद्रासला एका गुणाने मागे पडले, तर पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागून पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि समोरच्याला चीत केलं. तुझे दोन मार्क, त्यांचा एक गुण.

नुसती जिद्द असली की सगळं होतं, असं मी म्हणत नाही. तसं सांगणाऱ्यांचा मला रागच येतो. हेलसिंकीला यायला खाशाबांकडे पैसे नव्हते. राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले, गावानेही वर्गणी काढली. आणि इथे पोचल्यावर एक दमवणारी कुस्ती झाल्या झाल्या त्यांना पुढच्या कुस्तीला उभं केलं, तेव्हा विश्रांतीचा हक्क मागायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता. ते नसतं झालं तर पदकाचा रंगही बदलला असता, असं मला मनापासून वाटतं. पण जे त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी सोडलं नाही. परत आल्यावर कुस्त्या भरवून प्राचार्यांचं घरही सोडवून दिलं.

आता एक गोष्ट सांगते, ती आईला माहीत नाही. मागच्या वर्षी मी इथल्या भाषेच्या परीक्षेत नापास झाले. ऐकणं आणि बोलणं, दोन्ही गेलं. पंधरा विभक्त्या असलेली भाषा, ती आपल्यासाठी नाहीच, असं म्हणून पंधरा दिवस पुस्तक उघडलं नाही. मग वृद्धाश्रमात माझ्याकडे असलेल्या एका आजींनी मला धरलं. नव्वदी ओलांडलेली बाई. मी बोलताना 'वारा' म्हणायला गेले आणि 'आग' म्हणाले. त्यांनी मला खिडकी उघडायला लावली, गार वारा तोंडावर आला, म्हणाल्या, "तूली." मग टेबलावरच्या मेणबत्तीकडे बोट केलं, "तुली." आणि 'ल' दुप्पट केला, तुल्ली, की जकात! मी हसले, त्या हसल्या नाहीत. दहा वेळा म्हणून घेतलं.

त्या दिवशी कळलं, माझं काय चुकत होतं ते. ऱ्हस्व-दीर्घ! शाळेत बाई ज्यासाठी वही लाल करायच्या, तेच. मग मी चुकांची एक वही केली. रोज कोणता शब्द चुकीचा ऐकला, तेवढंच लिहायचं. 'मला भाषा येत नाही' याला औषध नव्हतं, 'मी दीर्घ आखूड म्हणते' याला होतं. या मे महिन्यात पास झाले.

तुझंही तेच विचारते. मार्क कुठे गेले? १६०० मीटर तू चांगला धावलास, लेखीही बरी गेली. गेले ते गोळाफेकीत. आणि तू सराव कशाने करायचास, तर विहिरीकडेच्या त्या दगडाने. भरतीचा गोळा ७.२६० किलोचा, लोखंडी, गुळगुळीत. दगड बोटांत रुततो, गोळा निसटतो. खाशाबांना जशी मॅट नवी, तसा तुला तो गोळा नवा होता. नशिबाचा संबंध आला कुठे?

गोळ्याचे पैसे अण्णांच्या खात्यावर टाकलेत. साताऱ्याला जाऊन वजन करूनच घे. पुढची जाहिरात येईपर्यंत आठवड्याला एक व्हिडिओ मला पाठव. बाजूने काढ, पाय दिसले पाहिजेत. गोळाफेक मला कळत नाही, पण इथे माझ्यासोबत काम करणारी एक मुलगी शाळेत गोळा फेकायची, तिला दाखवते.

आईला सांग, मेतकूट संपत आलंय. परीक्षेचं मात्र मीच सांगेन.

तुझी,
ताई