लोबोन-गुर (मीठ-गूळ) शिकवणाऱ्या आपांना, म्हणजे ताईंना, महाराष्ट्रातून

प्रिय आपांनो,

स. न. वि. वि.

1980 ते 1990 या दहा वर्षांत ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेच्या वतीने तुम्ही बांगलादेशातल्या 1 कोटी 20 लाखांहून जास्त घरांत गेलात. ओट्यावर बसून त्या घरातल्या आईला, मुलाला जुलाब झाले तर पाजायला मीठ, गूळ आणि पाणी कसं मिसळायचं ते शिकवलंत. आमच्याकडे याला जलसंजीवनी किंवा ओआरएस म्हणतात. आम्ही महाराष्ट्रातल्या आशा आणि अंगणवाडी ताईंना हेच शिकवतो, आणि शिकवताना तुमची पद्धत वापरतो. तुम्हाला ते कोणी कळवलं असेल असं वाटत नाही, म्हणून हे पत्र.

आभार जलसंजीवनी शोधल्याबद्दल नाहीत, कारण तो शोध पुष्कळांचा आहे. 1960 साली ढाक्यात पटकीच्या (कॉलऱ्याच्या) संशोधनासाठी प्रयोगशाळा उभी राहिली. पुढे तीच आयसीडीडीआर,बी ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था झाली. तिथे 1968 मध्ये डेव्हिड नेलिन, रिचर्ड कॅश आणि त्यांच्या बंगाली सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की पटकीच्या रुग्णाला तोंडाने मीठ-ग्लुकोजचं पाणी देत राहिलं तर शिरेतून लागणाऱ्या सलाईनची गरज सुमारे 80 टक्क्यांनी घटते. 1971 मध्ये तुमच्याकडून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालच्या सरहद्दीवरच्या बनगावला आले, पटकी पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी कलकत्त्यात पुड्या भरून घेतल्या. लिटरमागे 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ, 2.5 ग्रॅम खायचा सोडा. ते पाणी पिंपांत कालवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती पेला दिला. जिथे शंभरातले तीसएक दगावत होते, तिथे हे प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं. प्रयोगशाळा ढाक्याची, पुड्या कलकत्त्याच्या, रुग्ण सरहद्द ओलांडून आलेले. आशियातल्या देशांनी आरोग्यासाठी हातात हात घालावा असे ठराव पुढे बरेच झाले. बनगावला मात्र ठरावाआधीच काम झालं होतं.

यामागचं शास्त्र आम्ही ताईंना एका वाक्यात सांगतो: साखरेचा हात धरल्याशिवाय मीठ आत जात नाही, आणि मिठामागून पाणी जातं. पटकीचं विष आतड्याचा नळ उघडतं, पण ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेणारं दार शाबूत राहतं. म्हणून जुलाब चालू असतानाही पाणी शोषलं जातं. आणि म्हणूनच मापाला एवढं महत्त्व. साखर जास्त झाली तर ती आतड्यात पाणी उलटं ओढते आणि जुलाब वाढतात. मीठ जास्त झालं तर रक्तातलं सोडियम चढतं, बाळाला झटके येऊ शकतात. दोन्ही कमी पडलं तर ते नुसतं पाणीच.

तुमचं खरं काम या मापापासून सुरू होतं. त्या काळी खेड्यापर्यंत पुड्या पोचत नव्हत्या, घरात चमचे एकसारखे नव्हते, तराजू तर नव्हताच. तुम्ही माप आईच्या हातात बसवलंत. तीन बोटांची मिठाची चिमूट, मूठभर गूळ, अर्धा शेर (जवळपास अर्धा लिटर) पाणी. चिमूट बोटाच्या पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत, त्यापुढे नाही. वाचायला सोपं आहे, पण जिने दहा जणींकडून चिमूट भरून घेतली आहे तिला ठाऊक असतं की दोन बोटांची चिमूट, तीन बोटांची चिमूट आणि पाच बोटांनी उचललेलं मीठ यांत किती फरक पडतो. ओलं मीठ बोटांना जास्त चिकटतं. खडेमीठ आणि पुडीतलं बारीक मीठ चिमटीत सारखं बसत नाही. पाण्याचं भांडं तर घराघरात वेगळं. म्हणून आईच्या स्वतःच्या भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून देणं ही तुमची सगळ्यात शहाणी गोष्ट, असं आमचं मत आहे. आम्हीही तांब्यावर नेलपॉलिशने रेघ मारायला सांगतो. गुळात थोडं पोटॅशियम असतं, हा साखरेवर मिळालेला वरचा फायदा.

त्याहून मोठी गोष्ट पगाराची. तुमचं मानधन किती घरं केली यावर नव्हतं. काही आठवड्यांनी दुसरा माणूस चिठ्ठी टाकून निवडलेल्या घरी जायचा. आईला लक्षात ठेवायचे मुद्दे विचारायचा, तिच्याकडून पाणी करून घ्यायचा, त्यातला नमुना तपासणीला पाठवायचा. आईला किती आठवतं आणि तिच्या पाण्यात मीठ किती निघतं, त्यावर तुमची श्रेणी आणि पैसे ठरत. पैशाचा हिशोब शिकणारीच्या डोक्यात काय उरलं याला बांधला, की शिकवणं आपोआप सुधारतं. आमच्याकडे प्रशिक्षणानंतर अजूनही हजेरीपटावरच्या सह्या मोजल्या जातात.

आणि तुम्ही स्वतःची चूकही झाकली नाहीत. सुरुवातीला आयांना मुद्दे पाठ होते, पाणीही बरोबर जमत होतं, पण मूल आजारी पडल्यावर फारच थोड्या घरांत ते वापरलं जात होतं. कारण शोधताना दोन गोष्टी हाती लागल्या. तुमच्यापैकीच अनेकींचा त्यावर विश्वास नव्हता. स्वतःच्या घरी जुलाब झाले की त्या गोळ्या आणत. आणि घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. मग कार्यकर्तींना हे पाणी काम का करतं ते नीट दाखवलं गेलं, आणि बाजारात, शाळेत, मशिदीत पुरुषांशी बोलणं सुरू झालं. आमच्या प्रशिक्षणात पहिला प्रश्न आता हाच असतो: तुमच्या स्वतःच्या नातवाला हगवण लागली तर तुम्ही आधी काय देता? उत्तर ऐकून पुढचा तास ठरवायचा.

आज आमच्याकडे पुड्या आहेत, पण म्हणून चुका संपल्या नाहीत, फक्त बदलल्या. सगळ्यात मोठा घोटाळा पुडीच्या आकाराचा. सरकारी पुडी एक लिटरची असते. 2002 पासूनच्या सूत्रानुसार तिच्यात मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम, म्हणजे एकूण 20.5 ग्रॅम. औषधाच्या दुकानात एका पेल्याची, 200 मिलीची छोटी पुडीही मिळते. मोठी पुडी पेल्यात कालवली तर पाचपट खारट, छोटी लिटरभर पाण्यात घातली तर निरुपयोगी. तुमच्याकडचं ओरस्यालाईनचं, म्हणजे जलसंजीवनीचं, पाकीट अर्ध्या लिटरचं, म्हणजे तुमच्या अर्ध्या शेराच्या अगदी जवळचं. नव्या वस्तूने जुनं माप मोडलं नाही, याचा आम्हाला हेवा वाटतो.

दुसरी चूक अर्धी पुडी आज, अर्धी उद्या. पुडीतल्या चार पावडरी सारख्या मिसळलेल्या राहतीलच असं नाही, त्यामुळे अर्ध्या भागात काय येईल ते सांगता येत नाही. शिवाय उघडी पुडी पावसाळ्यात ओल धरते. सगळी पुडी एकदम कालवायची आणि उरलेलं पाणी 24 तासांनी ओतून द्यायचं. कालवल्यावर उकळायचं नाही, पाणी आधी उकळून गार करायचं. दूध, चहा, सरबतात घालायचं नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट भरलेले साखरेचे 6 छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा चमचा. मग आधी स्वतः चाखायचं. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेकून पुन्हा करायचं.

तिसरी चूक समजुतीची. जलसंजीवनीने जुलाब थांबत नाहीत. आई चार तास देते, पोराला जुलाब होतच राहतात, आणि ती म्हणते औषध लागू पडलं नाही. आपण काय भरून काढतोय हे आधीच सांगावं लागतं: गेलेलं पाणी. दर पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला 50 ते 100 मिली, त्यावरच्याला 100 ते 200 मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. घटाघटा पाजलं की उलटी होते, आणि मग "पोटात काही ठरत नाही" म्हणून सगळंच बंद होतं. अंगावरचं दूध, पेज, वरण-भात चालूच ठेवायचं. डोळे खोल गेले असतील, मूल चिडचिडं आणि तहानलेलं असेल तर वजनाच्या दर किलोमागे 75 मिली जलसंजीवनी चार तासांत, आरोग्य केंद्रात, कोणाच्या तरी नजरेखाली. ग्लानी आली, पिता येईना, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि दोन सेकंदांत जागेवर गेली नाही, तर वेळ न दवडता शिरेतून रिंगर लॅक्टेट हे सलाईन. इथे जलसंजीवनीचा हट्ट धरायचा नाही.

जुलाबात जलसंजीवनीबरोबर झिंक द्यायचं, हेही तुमच्याकडच्या कामातूनच बळकट झालं. 20 मिलिग्रॅमची गोळी रोज एक, 14 दिवस. 2 ते 6 महिन्यांच्या बाळाला अर्धी, आईच्या दुधात विरघळवून. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात आणि गोळ्यांची पट्टी फळीवर पडून राहते. ती पूर्ण करून घेणं हेच आशा ताईचं निम्मं काम.

अलीकडे आमच्याकडे आणखी एक लढाई झाली. दुकानात फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस नावाने विकली जात होती. साखर भरपूर, मीठ नावाला. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्या नावाच्या वापरावर बंदी घातली. पण घरातली सवय आदेशाने जात नाही, ती ओट्यावर बसूनच घालवावी लागेल. तुमच्यासारखी.

जाता जाता लसीबद्दलही. तोंडाने घ्यायची पटकीची स्वस्त लस व्हिएतनामने बनवली. सोलच्या आंतरराष्ट्रीय लस संस्थेने ती सुधारली, हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने 2009 मध्ये भारतात आणली. कोलकात्याच्या झोपडपट्ट्यांतल्या चाचणीत पाच वर्षांपर्यंत सुमारे 65 टक्के संरक्षण दिसलं, आणि मग ढाक्यातल्या मीरपूरला ती मोठ्या प्रमाणावर देऊन पाहिली गेली. चार देशांनी मिळून केलेलं काम. पण लस आली तरी चिमूट सुटत नाही. पटकी हे हगवणीच्या अनेक कारणांपैकी एक, आणि लहान मुलांत रोटाव्हायरस व इतर जंतूही तितकेच छळतात.

येत्या पावसाळ्याआधी तुमच्या पद्धतीतला एक तुकडा आम्ही जसाच्या तसा घेत आहोत. प्रशिक्षणानंतर एका महिन्याने चिठ्ठी टाकून दर गावात पाच घरं निवडायची. आईला काही सांगायचं नाही, फक्त पुडी आणि रिकामा तांब्या पुढे ठेवायचा आणि म्हणायचं, करून दाखवा. ती पाणी कशाने मोजते ते पाहायचं आणि वहीत लिहायचं. चुकलं तर खूण आईच्या नावापुढे नाही, शिकवणाऱ्याच्या नावापुढे करायची. हे तुमच्याकडून घेतलं आहे, म्हणून तुम्हाला कळवलं.

कळावे, लोभ असावा.

आपले,
महाराष्ट्रात जलसंजीवनी शिकवणारे काही प्रशिक्षक