रहाडीतला तांब्या

नाशिक

प्रिय मुकुंदा,
स. न. वि. वि.

तुझ्या मुलांच्या कादंबरीचं हस्तलिखित पोचलं, दोनदा वाचलं. रहाडीवरच्या, म्हणजे जमिनीखालच्या रंगाच्या हौदावरच्या, फळ्या बाजूला होतात, आत केशरी पाणी दिसतं आणि रेवा गर्दीच्या धक्क्याने थेट तळाशी जाते. सुरुवात अशीच ठेव, एक शब्दही हलवू नकोस. वर्षभर ज्या जागेवरून रिक्षा आणि स्कूटर जातात, तिथेच रंगपंचमीला जमीन उघडते, हे नाशिकच्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यामुळे पुढच्या अद्भुतावर त्यांचा विश्वास पहिल्या पानातच बसतो. धुक्यातले किल्ले आणि आग ओकणारे ड्रॅगन त्यांना इंग्रजीत हवे तेवढे मिळतात. ही रहाड मात्र त्यांना फक्त तूच देऊ शकतोस.

अडचण चौथ्या प्रकरणापासून सुरू होते. रहाडीतून आणलेल्या तांब्याने रेवा गोदेला आज्ञा देते आणि नदी ऐकते. मी मोजलं, कादंबरीत हे तेवीस वेळा होतं आणि एकदाही तिला त्याची किंमत मोजावी लागत नाही. दहा वर्षांचं मूल या बाबतीत फार कडक असतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी ते विचारतं, ‘मग ती सगळं तांब्यानेच का नाही करत?’ याचं उत्तर पुस्तकात नसेल तर पुढच्या कुठल्याही संकटाची भीती वाटत नाही.

उत्तर तुझ्याच सामानात पडलेलं आहे. तांबट आळीत एक भांडं घडताना नीट बघ. ठोके पडत जातात तसा तांब्याचा पत्रा ताठर होत जातो. मध्येच भट्टीत लालसर तापवून तो मऊ करून घ्यावा लागतो. तसाच ठोकत राहिलास तर काठाला तडा जातो. हाच तुझ्या जादूचा नियम कर. प्रत्येक आज्ञेबरोबर तांब्या ताठरतो, त्याचा आवाज बदलतो, भरलेला ठणठणीत नाद हळूहळू चिरका होतो. पाचव्या आज्ञेनंतर तो फुटणार. तापवून घ्यायचा तर तांबटाकडे जावं लागेल, म्हणजे एका मोठ्या माणसाला गुपित सांगावं लागेल. संबंध मधला भाग या एका पेचावर उभा राहतो.

दुसरी किंमत सगळ्या गावाला दिसणारी हवी, आणि त्यासाठी गोदेच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहेच. पूर मोजायला नाशिककर आकडे विचारत नाहीत, मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते विचारतात. पहिल्या आज्ञेला पाणी पायाशी, मग गुडघे, कंबर, छाती, आणि पाचवीला गळा. गळ्यापर्यंत आलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर चढवायला लागतात, हे वाचणाऱ्या पोराला सांगावंही लागणार नाही. त्यात गोष्ट फाल्गुनातली. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर नदी चढते आणि मोठी माणसं म्हणतात, ‘गंगापूर धरणातून पाणी सोडलं असेल.’ एका वाक्यात मोठी माणसं वाटेतून बाजूला होतात. सध्या तू त्यासाठी रेवाच्या आईबाबांना दुबईला पाठवलं आहेस, त्याची गरजच राहत नाही.

तर आज्ञा पाचच. चोवीस प्रकरणं धरलीस तर त्या साधारण चौथ्या, नवव्या, तेराव्या, सतराव्या आणि एकविसाव्या प्रकरणात येऊ देत. एक वही कर, प्रत्येक आज्ञेला एक पान: डावीकडे रेवाने काय मागितलं, उजवीकडे तांब्याचं काय झालं, पाणी कुठवर आलं आणि कुणाचं नुकसान झालं. उजवी बाजू रिकामी राहिली तर ते प्रकरण पुन्हा लिहायला घे. शेवटच्या तीन प्रकरणांत तिच्या हाती जादू नसेल. तिथे तिने गोष्टीत आधी शिकलेलंच काहीतरी वापरावं. आत्ता शेवटी आकाशातून प्रकाश येतो आणि सगळं निभावून नेतो. ते काढ, अगदी निर्दयपणे काढ.

रेवा नऊ वर्षांची आहे, तिला बारा वर्षांची कर. नऊ ते बाराची मुलं आपल्याहून थोड्या मोठ्या मुलामुलींच्या गोष्टी हौसेने वाचतात, लहानांच्या हातात घेत नाहीत. शिवाय २०१५च्या सिंहस्थात जन्मलेली पोर २०२७च्या सिंहस्थात बाराची होते, हा योग आयता आला आहे. आणि एक गंमत बघ: सिंहस्थ ठरतो गुरू सिंह राशीत येण्यावरून, आणि गुरूची सूर्याभोवतीची एक फेरी ११.८६ वर्षांची, म्हणजे बारा वर्षांना सुमारे पन्नास दिवस कमी. वरची माणसं कॅलेंडर बघून बारा वर्षं मोजतात, रहाडीखालच्या तुझ्या पाताळनगरीतली माणसं गुरू बघून मोजतात. ती तांब्या परत मागायला पन्नास दिवस आधीच आली तर? रेवाची सगळी तयारी उलटीपालटी होईल. पटलं तर घे.

आजीचं भाषण काप. दुसऱ्या प्रकरणात ती सलग सहा पानं पाताळनगरीचा इतिहास सांगते. इतिहास मुलांना चालतो, पण गरज पडेल तेव्हा आणि गरजेपुरता. रेवाच्या हातात तांब्या आला की आजीने एवढंच म्हणावं, ‘तो पालथा ठेवू नकोस.’ का, ते नंतर.

नावांचंही बघ. मृगांकसेन, मृत्युध्वज आणि मृण्मयी एकाच प्रसंगात आले की मोठ्याने वाचणारा अडखळतो आणि ऐकणाऱ्याला कोण कुठला ते कळत नाही. तिघांची पहिली अक्षरं वेगवेगळी आणि जोडाक्षर शक्यतो एकात एकच.

लांबी सत्तर हजार शब्दांची झाली आहे. प्रकरणाला दीड हजार धर, म्हणजे एका रात्री झोपताना बारा-तेरा मिनिटांत वाचून होतं. एकूण छत्तीस हजार. डेमी आकार, चौदा पॉइंटचा टाइप, पानावर सव्वादोनशे शब्द, म्हणजे १६० पानं. चित्रं आणि सुरुवातीची पानं धरून सोळा पानी अकरा फॉर्मे (एकत्र छापले जाणारे पानांचे गठ्ठे), १७६ पानं. सत्तर हजारांत हेच वीस फॉर्म्यांच्या पुढे जातं. किंमत चढते आणि जाडी बघूनच पाचवीतलं पोर पुस्तक खाली ठेवतं.

पुन्हा लिहून झालं की पाचवी ते सातवीतली पाच-सहा मुलं बसव आणि पहिली तीन प्रकरणं मोठ्याने वाच. ‘आवडलं का?’ विचारू नकोस, सगळी हो म्हणतात. ‘आता काय होईल?’ एवढंच विचार. तिघांनी तीन वेगळी उत्तरं भांडून दिली तर प्रकरण जमलं. चुळबूळ सुरू झाली त्या ओळीला समासात फुली मार. बहुतेक वेळा दोष त्या ओळीत नसतो, तिच्या आधीच्या पानभरात असतो.

आधी वहीची ती पाच पानं भरून पाठव, प्रकरणं नंतर. आणि तांबट आळीत जाशील तेव्हा सकाळी जा, भट्टी पेटलेली असताना.

तुझा,
अरविंद