चाळीस मिनिटं

सांगली,
१७ डिसेंबर

प्रिय नंदू,

परवा फोनवर तू फार बोलला नाहीस. पोहण्याच्या शर्यतीत शेवटचे दोन किलोमीटर राहिले असताना तुला होडीत ओढून घेतलं, एवढंच कळलं. फोन ठेवल्यापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. ती फोनवर नीट सांगता आली नसती, म्हणून लिहायला बसलो.

शाळेत आपण पाठ केलेलं आठवतं? इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली आशियाई महिला, आरती साहा, १९५९. त्या एका ओळीत तिची पहिली खेप नाही. मला तीच सांगायची आहे, पण त्यासाठी आधी खाडीची शर्यत सांगावी लागेल.

खाडी सर्वांत अरुंद जागी जेमतेम ३४ किलोमीटर. १८७५ मध्ये कॅप्टन मॅथ्यू वेब २१ तास ४५ मिनिटांत ती पोहून गेला. त्यानंतर बराच काळ जो तो आपापली होडी ठरवून, आपापला दिवस बघून पाण्यात उतरायचा. सगळ्यांनी एकाच वेळी उतरायचं, ही मोठी शर्यत 'डेली मेल' या वृत्तपत्राने १९५० मध्ये भरवली. अमेरिकेच्या फ्लोरेन्स चॅडविकने अर्ज केला होता, तो नाकारला गेला. मग तिने स्वतःच्या पैशाने तयारी केली आणि शर्यतीच्या आधीच १३ तास २० मिनिटांत खाडी पार करून स्त्रियांचा विक्रम मोडला. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो. शर्यत जिंकली इजिप्तच्या हसन अब्देल रहीमने, १० तास ५० मिनिटांत.

पुढे सुट्टीच्या छावण्या चालवणारे बिली बटलिन ही शर्यत भरवू लागले. १९५७ ला समुद्र असा होता की अख्ख्या शर्यतीत दोघंच पैलतीराला लागले. नंदू, दोघंच! बाकीचे सगळे नामांकित पोहणारे होडीत. आणि त्या दोघांत पहिली आली ती ग्रेटा अँडरसन, डेन्मार्कची, १९४८ च्या ऑलिंपिकमधली सुवर्णविजेती. पुढच्या वर्षीही तीच पहिली.

१९५८ च्या त्याच शर्यतीत पुरुषांमध्ये पहिला आला ढाक्याचा ब्रजेन दास. बुडीगंगेत पोहून तयार झालेला माणूस, आपण कृष्णेत झालो तसाच. १४ तास ५२ मिनिटं. खाडी पोहणारा तो पहिला आशियाई. त्याने ती एकूण सहा वेळा पार केली, आणि १९६१ मध्ये १० तास ३५ मिनिटांत पोहून अब्देल रहीमचा जुना विक्रमही मोडला. पण मला तो जास्त आवडतो तो दुसऱ्याच कारणासाठी. कलकत्त्याच्या एका मुलीचं नाव पुढच्या वर्षीच्या शर्यतीसाठी त्यानेच आयोजकांना सुचवलं. ती आरती. बारा वर्षांचीही झाली नव्हती तेव्हा हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाऊन आलेली.

२७ ऑगस्ट १९५९. फ्रान्सच्या 'काप ग्री ने' या टोकावरून मध्यरात्रीनंतर शर्यत सुटली, आणि आरतीची पायलट बोट, म्हणजे सोबत राहून वाट दाखवणारी होडी, आलीच नाही. बोटीशिवाय उतरता येत नाही. बाकीचे अंधारात दिसेनासे झाले आणि ही किनाऱ्यावर. चाळीस मिनिटं उशिरा ती पाण्यात शिरली.

चाळीस मिनिटं म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. खाडीत भरती-ओहोटीची ओढ पोहणाऱ्याला आडवी येते आणि साधारण सहा तासांनी फिरते. म्हणून तिथे कुणी सरळ रेषेत पोहत नाही, वाट नागमोडी होते. ओढ फिरायच्या आत किनारा गाठला तर गाठला. आरती इंग्लंडपासून पाच मैलांवर पोचली आणि पाणी उलटं फिरलं. नंतर कितीतरी तास हात मारून ती जेमतेम दोन मैल पुढे सरकली. शेवटी थांबावं लागलं.

तेव्हा ती अठरा वर्षांची होती. महिन्याभरात तिने पुन्हा खाडी गाठली. २९ सप्टेंबरला, या वेळी शर्यत नाही, एकटीच. तेच 'काप ग्री ने', सोळा तास वीस मिनिटं, आणि पलीकडे सँडगेटचा किनारा. कापलेलं अंतर ४२ मैल सांगतात, सरळ अंतराच्या दुप्पट. एकोणिसावा वाढदिवस होऊन पाच दिवस झाले होते. पुढच्या वर्षी तिला पद्मश्री मिळाली.

तू म्हणालास, हात चालत होते पण समोरचं देऊळ जागचं हलत नव्हतं. नंदू, ते पाणी फिरलं होतं. तुमची शर्यतही तासभर उशिरा सुटली, हे तूच बोलता बोलता सांगितलंस आणि पुढे गेलास. मला तिथेच थांबावंसं वाटलं. त्या तासाचा दोष तू स्वतःच्या खांद्यावर घेतो आहेस.

फेब्रुवारीतली अष्टमी बघून ठेव. तुमच्याकडचे खलाशी म्हणतात तसं भांगाचं पाणी, ओढ कमी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढ आणि त्यावरून उतरायचं ठरव. शर्यतीची वाट बघू नकोस. मी आदल्या रात्रीच येतो. होडी मी स्वतः पहाटे किनाऱ्याला लावून घेईन आणि तू पाण्यात शिरण्याआधी तिच्यात बसलेला असेन.

वहिनींना नमस्कार. खांद्याला शेक देतोस ना?

तुझा,
विनू