सेंद्रिय कर्ब एका वर्षात दुप्पट होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कृषी पानांवर सेंद्रिय शेतीच्या यशोगाथा नेहमी वाचायला मिळतात, आणि त्या यायलाच हव्यात. पण त्यांत एक वाक्य हमखास असते: ‘एका वर्षात जमिनीचा सेंद्रिय कर्ब (शेणखत, पालापाचोळा कुजून मातीत राहणारा कार्बन) ०.४ वरून १ टक्क्यावर गेला.’ सेंद्रिय शेती टिकावी, वाढावी असे मनापासून वाटते म्हणूनच हे वाक्य खटकते. ते वाचून निफाड-दिंडोरीकडचा शेतकरी दोन वर्षे ट्रॉल्या भरभरून शेणखत टाकतो, माती तपासतो, कर्ब ०.४ चा जेमतेम ०.४५ झालेला पाहतो आणि ‘आपल्या रानात हे जमत नाही’ म्हणून सोडून देतो. खरे तर त्याचाच आकडा विश्वासार्ह असतो.

हिशेब कागदावर मांडून पाहावा. एक एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन साधारण ९ लाख किलो. त्यात कर्ब ०.६ टक्क्याने वाढवायचा म्हणजे ५,४०० किलो निव्वळ कर्ब मातीत टिकला पाहिजे. शेणखतात जवळपास निम्मे पाणी. उरलेल्या कोरड्या भागात कर्ब पाचवा ते चौथा हिस्सा. म्हणजे १० टन शेणखतातून मिळतो १ ते सव्वा टन कर्ब. यातला कणही कुजला नाही असे धरले तरी ४३ ते ५४ टन खत लागेल. पण खत कुजतेच, कुजण्यासाठीच ते टाकतो, आणि कुजताना कर्बाचा मोठा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. चौथा हिस्सा मातीत राहिला असे मानले, तर ३ टनी ट्रॉलीच्या साठ-सत्तर खेपा एका एकरात, एका वर्षात पडायला हव्यात. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्राच्या ब्रॉडबाल्क शेतात १८४३ पासून एका पट्ट्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन, म्हणजे एकरी १४ टन शेणखत पडते आहे. बिनखताच्या पट्ट्यापेक्षा आज तिथे दुपटीहून अधिक कर्ब आहे. त्या थंड हवेत, एवढ्या खतावरही दुपटीला काही दशके लागली. आपल्या उन्हात तर कुजण्याचा वेग त्याहून जास्त.

मग यशोगाथेतला १ टक्का येतो कुठून? शेतकरी खोटे बोलतो असे नव्हे. बहुतेकदा नमुना चुकलेला असतो. द्राक्षबागेत शेणखत, पेंड, पाचट सगळे बोदावर (वेलींच्या ओळीतल्या उंच वरंब्यावर) पडते आणि नमुनाही बोदावरूनच घेतला जातो. ९ फुटी ओळीत बोद ३ फुटांचा; उरलेल्या ६ फुटांत ट्रॅक्टरची चाके फिरतात. बोदावर कर्ब १.२ आणि पट्ट्यात ०.५ असेल, तर बागेची सरासरी येते ०.७३. अहवालात मात्र १.२ छापले जाते. दुसरे, खत टाकून महिनाभरात घेतलेला नमुना. चाळणीतून खाली आलेल्या बारीक मातीत न कुजलेल्या शेणाचे तपकिरी कण भिंगाखाली स्पष्ट दिसतात. ते कण कर्ब म्हणून मोजले जातात, पण चार महिन्यांनी ते जागेवर नसतात.

तिसरी चूक कागदावरची. काही अहवालांत ‘सेंद्रिय कर्ब’ असतो, काहींत ‘सेंद्रिय पदार्थ’. कर्बाला १.७२४ ने गुणले की पदार्थ येतो. ०.५८ टक्के कर्ब म्हणजेच १ टक्का पदार्थ. गेल्या वर्षीचा अहवाल एका भाषेत आणि यंदाचा दुसऱ्या भाषेत असला, तर शेतात काहीही न करता कर्ब ‘वाढतो’. चौथी गोष्ट आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनींची. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या, रसायनाने कर्ब मोजणाऱ्या वॉकली-ब्लॅक पद्धतीत चुनखडीतला कर्ब मोजला जात नाही. माती जाळून एकूण कर्ब मोजणाऱ्या यंत्रात तो धरला जातो. चुनखडीचा भाग वजा केला नाही, तर आकडा फुगतो.

म्हणून नमुना मे महिन्यात, खत पडण्याआधी, दरवर्षी त्याच जागांवरून घ्यावा. एकरी आठ-दहा ठिकाणी पृष्ठभागावरचा काडीकचरा बाजूला सारून इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा करावा आणि कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीत खरवडावी. सगळी एकत्र करून चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत, अर्धा किलो उरेपर्यंत हेच करावे. माती सावलीत वाळवावी, खताच्या रिकाम्या गोणीवर कधीच नाही. बागेत बोद आणि पट्टा यांचे नमुने वेगळे द्यावेत. प्रयोगशाळा तीच, पद्धत तीच असावी.

सेंद्रिय शेतीचा फायदा नाही, असा याचा अर्थ कोणी काढू नये. स्वित्झर्लंडमध्ये थेरविल इथे १९७८ पासून सेंद्रिय आणि रासायनिक पद्धती शेजारी-शेजारी, एकाच पीकफेरात चालू आहेत. २१ वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. सेंद्रिय वाफ्यांत उत्पन्न सरासरी २० टक्के कमी आले, पण खते आणि ऊर्जा यांचा वापर ३४ ते ५३ टक्के कमी होता आणि कीडनाशकांचा ९७ टक्के कमी. गांडुळे जास्त, मुळांवरची मायकोरायझा बुरशी जास्त, मातीचे ढेकूळ पाण्यात कमी विरघळणारे. जगभरच्या तुलना एकत्र करणाऱ्या २०१२ च्या अभ्यासात उत्पन्नातली घट पीक आणि व्यवस्थापनानुसार ५ ते ३४ टक्के निघाली. २०१४ च्या दुसऱ्या अभ्यासात ती सरासरी १९ टक्के होती, आणि पीकफेर किंवा मिश्रपीक असेल तिथे ८-९ टक्क्यांवर आली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा हा शेवटचा आहे. कांद्यावर कांदा घेत राहून नुसती खताची गोणी बदलणे आणि सोयाबीन, हरभरा, ताग फेरात आणणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

घट येते कुठे, तेही पाहावे. कांद्याला हेक्टरी साधारण १०० किलो नत्राची (नायट्रोजनची) शिफारस आहे, म्हणजे एकरी ४०. चांगल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का. १० टनांत ५० किलो. ऐकायला पुरेसे वाटते, पण पहिल्या हंगामात त्यातला तिसरा हिस्सा पिकाला मिळाला तरी खूप. रब्बीच्या थंडीत जिवाणूंचे काम मंदावते आणि नेमकी तेव्हाच, लागवडीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत, पातीला नत्राची भूक असते. खत अर्धवट कुजलेले असेल, भुसा-काडी जास्त असेल, कर्ब-नत्राचे प्रमाण ३० च्या वर असेल, तर जिवाणू मातीतलेच नत्र ओढून घेतात आणि पात पिवळी पडते. शेतकऱ्याला वाटते करपा आला. अशा कच्च्या खतातून हुमणी आणि तणाचे बी येते ते वेगळेच. पावसाळ्यात एकरी २० ते २५ किलो तागाचे बी पेरून ४५-५० दिवसांनी फुलोऱ्यात गाडला, तर पुढच्या कांद्याला बराच आधार मिळतो. निंबोळी पेंडीत नत्र ४-५ टक्के. २०० किलोतून ८-१० किलो.

जीवामृताबद्दल स्पष्ट लिहायला हवे. १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि २०० लिटर पाणी, यात एकूण नत्र पाव किलोच्या आसपास भरते. ते खत नव्हे. त्यातले जिवाणू जमिनीतली अन्नद्रव्ये मोकळी करतात की नाही, हा तपासण्याजोगा प्रश्न आहे; पण ‘जीवामृतावर कांदा घेतला’ असे छापताना त्याच रानात आधीच्या पाच वर्षांत किती शेणखत पडले होते, तेही छापले पाहिजे.

उलट टोकही आहे. सगळे नत्र शेणखतातूनच द्यायचे म्हणून एकरी २५ टन टाकले, तर सोबत ५० ते ६० किलो स्फुरद (फॉस्फरस) जातो. गरज असते २० ची. दरवर्षी साचणारा स्फुरद चुनखडीच्या जमिनीत जस्ताची कमतरता आणखी वाढवतो.

सेंद्रिय द्राक्षात तर तांब्याचा प्रश्न आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. केवडा या बुरशीजन्य रोगासाठी मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण सेंद्रिय प्रमाणीकरणात मर्यादेत चालते. मोरचुदात पाव भाग तांबे. १ टक्क्याचे मिश्रण एकरी ४०० लिटर फवारले की ४ किलो मोरचूद, म्हणजे १ किलो तांबे गेले. युरोपीय संघाची मर्यादा ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरीने एकरी वर्षाला १.६ किलो. दोन पूर्ण फवारण्यांत ती ओलांडली जाते. तांबे कुजत नाही, वाहूनही फारसे जात नाही. वरच्या थरात साठते आणि ज्या गांडुळांसाठी एवढा खटाटोप केला त्यांनाच मारते. मृदा आरोग्यपत्रिकेतल्या १२ घटकांत तांबे असतेच. ती ओळ बागायतदारांनी दरवर्षी उतरवून ठेवावी.

आता मागणी. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे निफाडचे संशोधन केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे. सोयाबीन-कांदा या फेरावर किमान १० ते १२ वर्षे चालणारा प्रयोग इथे उभा राहावा: बिनखत, शिफारशीत रासायनिक, एकात्मिक (दोन्ही खते मिळून) आणि सेंद्रिय, प्रत्येकाचे चार-चार वाफे, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या जागी, मध्ये २ मीटरचा पट्टा सोडून. बिनखत वाफा वगळता बाकी सर्वांत नत्र समान असावे. ही अट सर्वांत महत्त्वाची, कारण अनेक प्रात्यक्षिकांत एका बाजूला २० टन खत आणि दुसऱ्या बाजूला दोन गोण्या युरिया असतो. तिथे तुलना सेंद्रिय-रासायनिकाची नसून जास्त-कमीची होते. कर्बासोबत मातीची घनता मोजावी, ०-१५ आणि १५-३० सेंटिमीटर असे दोन थर घ्यावेत. आणि कांद्याचे वजन फक्त काढणीला नको, कांदाचाळीत चार महिने ठेवल्यानंतरचेही हवे. ‘सेंद्रिय कांदा जास्त टिकतो’ असे लासलगाव-पिंपळगावला सगळेच म्हणतात. उशिरा आणि जास्त दिलेल्या नत्राने सड वाढते हे माहीत आहे. मग टिकाऊपणा सेंद्रिय खताचा की कमी नत्राचा, हे समान नत्राच्या वाफ्यांतूनच कळेल.

तोवर आपल्याकडून एवढेच हवे आहे. प्रत्येक यशोगाथेखाली पाच आकड्यांची छोटी चौकट द्यावी: एकरी किती खत, त्यात नत्र किती, नमुना किती खोलीवरून आणि कोणत्या महिन्यात, कर्ब कोणत्या पद्धतीने मोजला, आणि त्याच बांधावरच्या तुलनेच्या वाफ्याचे उत्पन्न किती. तुलनेचा वाफा नसेल तर तसे लिहावे.

आपला,
मृदाशास्त्राचा एक अभ्यासक, नाशिक