निदान न करताच पार्ट कशाला बदलता?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मोटारींच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचे बिल सुट्या भागांच्या किमतीमुळे फुगते, असा सर्वसाधारण समज आहे. पार्ट महाग आहेतच. पण दोष नीट न शोधता अख्खी असेंब्ली, म्हणजे अनेक भागांचा जोडलेला संच, बदलण्याची सवय खिशाला जास्त भारी पडते.

‘चेक इंजिन’चा दिवा लागला की गाडीच्या संगणकातला दोषाचा कोड वाचणारा स्कॅनर जोडतात. समजा, पी०१७१ हा कोड निघाला. त्याचा अर्थ इंजिनात जळणाऱ्या मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी, एवढाच. कारण हवा आत नेणारा चिरलेला होज (रबरी नळी) असेल, ती हवा मोजणारा मळलेला एअरफ्लो सेन्सर असेल किंवा फ्युएल पंपाचा दाब कमी पडत असेल. तरी पुष्कळदा बदलला जातो तो धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर, ज्याने बिचाऱ्याने फक्त निरोप आणलेला असतो! दिवा काही दिवसांनी पुन्हा लागतो आणि मग पुढच्या पार्टची पाळी येते.

एसीचेही तेच. गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. नायट्रोजन भरून दाब टिकतो का, हे आधी बघायला हवे. ते न करता गॅस भरला तर तो पुन्हा निघून जातो, किंवा गाडीच्या पुढच्या बाजूचा गळका कंडेन्सर तसाच राहून डॅशबोर्ड उघडून आतली कूलिंग कॉइल बदलली जाते. सस्पेन्शनचा खडखडाट आला तर चाकाला धरणारा अख्खा लोअर आर्म बदला म्हणतात. काही मॉडेल्सना त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट सुटा मिळत नाही, तिथे इलाज नाही. पण त्यातला नुसता रबरी बुश झिजला असेल आणि तो सुटा मिळत असेल, तर प्रेसवर बदलता येतो.

वर पुन्हा बिलात इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्टंट अशी जादा सफाईची कामे असतातच. मॅन्युअलमधल्या सर्व्हिसच्या तक्त्यात नसलेले काम नाकारले म्हणून वॉरंटी जात नाही. ऑइलची क्षमताही तिथेच छापलेली असते. बिलातले लिटर तिच्याशी ताडून बघावेत. पार्टच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, तिच्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही.

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल. कंपन्या अपिलात गेल्या. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका ठिकाणी देणारे ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले. पण गॅरेजच्या काउंटरवर ग्राहकाच्या हाती काय पडते? बहुधा एका ओळीचे एस्टिमेट.

ग्राहक व्यवहार खात्याने जॉब कार्डचा, म्हणजे गाडीच्या कामाची नोंद करतात त्या कागदाचा, नमुनाच सक्तीचा करावा. त्यात सापडलेला कोड, दोष कशावरून ठरवला, पार्ट नंबर, एमआरपी आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेली असावी. वॉरंटीबाहेरच्या कामात काढलेला जुना पार्ट मागितल्यास परत मिळावा. एस्टिमेटपेक्षा जास्त खर्च लेखी संमतीशिवाय करू नये.

तोवर ग्राहकांनी एवढे करावे: बिल पटले नाही तर त्यावरच ‘हरकत राखून रक्कम भरत आहे’ असे लिहून सही करावी, त्याचा फोटो काढावा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

आपला,
एक ऑटोमोबाइल तंत्रज्ञ, नाशिक