मधुमेहींची लघवी तपासणी का राहते?

महोदय,

गावोगावच्या आरोग्य शिबिरांत रक्तदाब पाहिला जातो, बोटाला सुई टोचून साखर मोजली जाते. लघवीची बाटली मात्र क्वचितच कोणाच्या हाती दिली जाते. माझ्या थोरल्या भावाला चौदा वर्षे मधुमेह आहे. त्याच्या रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ घटक) दरवर्षी मर्यादेत येई, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. सकाळी लघवीला फेस येतो आणि संध्याकाळी पायांवर मोज्यांचे वळ उमटतात, असे तो सांगे, तेव्हा आम्ही ते वयावर ढकलले. गेल्या वर्षी प्रथमच लघवीतील अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर तपासले, ते 640 निघाले. हे गुणोत्तर 30 च्या आत असावे लागते, आणि 300 च्या पुढे गेले की मूत्रपिंडाची हानी बरीच झाली असे डॉक्टर मानतात.

रक्तातील क्रिएटिनिन मूत्रपिंडाची जवळजवळ निम्मी क्षमता जाईपर्यंत मर्यादेतच राहू शकते, तर मधुमेहात लघवीतून प्रथिने झिरपू लागतात ती बहुधा त्याच्या कितीतरी आधी. त्या टप्प्यावर रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवून आणि योग्य औषधे देऊन ऱ्हासाचा वेग कमी करता येतो. एकदा डायलिसिस सुरू झाले की आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास त्या यंत्रापाशी काढावे लागतात.

मला खटकते ते असे की, लघवीत प्रथिने असल्यास बुडवताच पिवळ्याची हिरवट होणारी ती साधी पट्टी गरोदर स्त्रियांच्या तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांत वापरली जाते, पण त्याच केंद्रात मधुमेहाच्या गोळ्या घ्यायला येणाऱ्या माणसाची लघवी पाहण्याचे कोणाला सुचत नाही. पट्टीवर सुरुवातीचे अल्प प्रमाण सुटू शकते, हे खरे. म्हणून मधुमेह व उच्च रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाचे गुणोत्तर वर्षातून एकदा तपासावे आणि नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा घ्यावा. ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा अतिश्रम यांमुळेही प्रथिने तात्पुरती वाढतात. तेव्हा एकाच अहवालाने घाबरून न जाता तीन महिन्यांत पुन्हा तपासणी करून घ्यावी.

आरोग्य विभागाने मधुमेहींच्या तपासणी कार्डावर साखरेच्या रकान्याशेजारी लघवीतील अल्ब्युमिनचाही रकाना छापावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, सातारा